रीफ टँकचे फोटो निळे आणि धूसर येतात? आधी काच, मग लाइट, कॅमेरा सर्वांत शेवटी

घरच्या रीफ टँकचा, म्हणजे जिवंत प्रवाळ (कोरल) पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा, फोटो काढला की डोळ्यांना दिसतं एक आणि स्क्रीनवर येतं भलतंच, ही तक्रार पुण्यात खाऱ्या पाण्याचे टँक सांभाळणाऱ्यांकडून मी सतत ऐकतो. टँक कोथरूडला असो की वाकडला, दोन फुटी असो की पाच फुटी, बिघाड तेच ते असतात. आणि बहुतेक वेळा त्यांचं मूळ कॅमेऱ्यात नसतं. प्रकाश लेन्सपर्यंत पोहोचायच्या आधीच फोटो बिघडलेला असतो, कधी काचेवर, कधी पाण्यात, तर सर्वांत जास्त वेळा लाइटमुळे. म्हणून कुणी बोलावलं की मी काचेपासून सुरुवात करतो आणि कॅमेऱ्याला सर्वांत शेवटी हात लावतो. खालचा क्रमही तोच आहे. आधी फुकटचं, मग स्वस्तातलं, मग खर्चाचं.

लक्षणं

- सगळा फोटो निळा-जांभळा, आणि कोरलच्या जागी नुसते चमकते डाग. पॉलिपचा (कोरल ज्यांचं बनतं त्या छोट्या फुलासारख्या जिवांचा) आकार, कडा, तोंड, काहीच दिसत नाही.
- रंग ठीक आहेत, पण सगळ्यावर दुधी पडदा.
- फोटोत तुमचाच हात, फोन, मागची ट्यूबलाइट किंवा खिडकीचे गज.
- मधला भाग बरा, कडेच्या वस्तू ताणल्यासारख्या, त्यांना लाल-निळी किनार.
- आडवे काळे पट्टे. व्हिडिओत ते वर-खाली सरकतात.
- खडक स्पष्ट, पण पॉलिप फिसकटलेले. क्लाउनफिश म्हणजे नुसती नारिंगी रेघ.
- पाण्यात पांढरे ठिपके.
- फोकस लागतच नाही, फोन पुढे-मागे चाचपडत राहतो.
- फोटो दाणेदार, विशेषतः लाल आणि नारिंगी भागात.

एकाच फोटोत यातली तीन-चार लक्षणं एकत्र येतात आणि गोंधळ तिथेच होतो. लोक एकदम लाइट बदलतात, फिल्टर लावतात, अ‍ॅपही बदलतात. मग फोटो सुधारला तरी कशाने सुधारला ते कळत नाही. त्यापेक्षा टँकमधलं एक कोरल नेमून घ्या. पुढच्या काचेजवळचं, बिनडुलणारं, ज्याचा रंग तुम्हाला पाठ आहे असं. हिरवं मशरूम कोरल या कामाला उत्तम. प्रत्येक तपासणीनंतर त्याचाच फोटो काढा, त्याच अंतरावरून.

उदाहरणं मी झोअँथिड, मशरूम, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप या कठीण सांगाडा नसलेल्या कोरलचीच देतो आहे. रीफ बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्री पंखे २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. फोटोत झकास दिसेल म्हणून कुणी समुद्रातून काढलेला तुकडा देऊ केला, तर कृपा करून घेऊ नका.

लेन्स आणि काच पुसा

आधी फोनची लेन्स. खिशातून काढलेल्या फोनच्या लेन्सवर बोटाचं तेल असतंच. चमकत्या कोरलभोवती धुरकट वलय दिसत असेल तर निम्म्या वेळा कारण एवढंच असतं.

मग काचेची बाहेरची बाजू. तिच्यावर उडालेल्या थेंबांचं मीठ असतं आणि पुसताना राहिलेले क्षाराचे ओघळ असतात. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत हे ओघळ फार, कारण ओल्या फडक्यातलं पाणी वाळतं आणि क्षार काचेवरच राहतात. टॉप-अपला (उडून गेलेलं पाणी भरून काढायला) जे आरओ-डीआय, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी वापरता त्यातच मऊ फडकं भिजवा, पुसा आणि लगेच कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्या. काच पुसायचा स्प्रे टँकजवळ फवारू नका. त्यातल्या अनेकांत अमोनिया असतो आणि तुषार थेट उघड्या पाण्यात जातात.

आतली बाजू फसवी असते. समोरून काच स्वच्छ वाटते, पण टॉर्च काचेला जवळजवळ समांतर धरला की शैवालाचा हिरवट-तपकिरी थर लख्ख दिसतो. दुधी पडद्याचं हे सर्वांत मोठं कारण. मॅग्नेट क्लीनरने घासा, पण आधी त्याच्या पॅडवर वाळूचा कण अडकलेला नाही ना ते बोटाने पाहा, आणि वाळूच्या थराच्या दोन बोटं वर थांबा. एक कण पुरतो. त्याने पडलेली रेघ त्या काचेवरच्या प्रत्येक फोटोत राहते आणि टँक भरलेला असताना ती काढता येत नाही. गुलाबी कोरॅलाइन शैवालाचे टणक ठिपके काचेवरून पात्याने खरवडता येतात. टँक अ‍ॅक्रिलिकचा असेल तर मात्र धातूचं पातं लावू नका, प्लॅस्टिकचं जुनं कार्ड वापरा.

घासल्यावर उडालेला थर पाण्यात तरंगतो, म्हणून पुढचा तासभर फोटो काढू नका. पांढऱ्या ठिपक्यांची तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पाच मिनिटांपूर्वी काच घासलेली असते किंवा नुकतंच खाणं टाकलेलं असतं. हे दोन्ही नसेल तर स्किमरमधून (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्रातून) बारीक बुडबुडे वर येत आहेत का ते पाहा.

खोलीत अंधार करा

काच आरशासारखी वागते ती तिच्यापुढची खोली उजळ असते म्हणून. पडदे ओढा, दिवे आणि टीव्ही बंद करा, शक्यतो रात्री आठनंतर फोटो काढा. पश्चिमेच्या बाल्कनीसमोर टँक असेल तर दुपारचा प्रयत्नच करू नका. तरीही तुमची आकृती दिसत असेल तर अंगावर गडद कपडे घाला, किंवा काळ्या कापडाला मधोमध लेन्सएवढं भोक पाडून ते फोनपुढे धरा. कॅमेऱ्याला रबरी हूड लावून तो काचेला टेकवला तर प्रतिबिंबाचा प्रश्नच मिटतो आणि हातही स्थिर राहतो.

अनेक जण इथे घाईने पोलरायझर फिल्टर आणतात. काचेवरचं प्रतिबिंब तो सर्वांत चांगलं कापतो ते लंबापासून साधारण ५५ अंश तिरकं पाहिल्यावर, आणि टँकचा फोटो आपल्याला तिरका काढायचाच नाही. सरळ समोरून त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, वर निम्मा प्रकाश वाया. ते पैसे राखून ठेवा.

काचेला काटकोनात उभे राहा

पाण्याचा अपवर्तनांक १.३३ च्या आसपास, काचेचा साधारण १.५, हवेचा १. तिरक्या कोनात प्रत्येक थराला किरण वाकतो, आणि निळा किरण लालपेक्षा थोडा जास्त वाकतो. कडेच्या वस्तूंची ताण आणि लाल-निळी किनार यातूनच येते. काच जाड असेल तर हे आणखी वाढतं. ही किनार पाहून लेन्स खराब आहे म्हणून ती बदललेली माणसं मला माहीत आहेत, आणि नव्या लेन्सनेही तेच दिसलं.

काटकोन जुळवायची सोपी युक्ती अशी. खोलीत थोडा उजेड असताना फोन काचेसमोर धरा आणि स्क्रीनवर लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब शोधा. ते फ्रेमच्या बरोबर मध्यावर आलं की तुम्ही काटकोनात आहात. मग उजेड घालवा. वर किंवा खाली असलेल्या कोरलसाठी फोन वाकवायचा नाही, अख्खा फोन वर-खाली न्यायचा. तळाच्या कोरलसाठी जमिनीवर बसावं लागतं, त्याला इलाज नाही. पुढची काच गोलाकार असेल तर फ्रेमचा मधला छोटा भागच कामाचा धरा.

कोरल काचेपासून जितकं लांब तितकं मधलं पाणी जास्त, आणि तितका फोटो मऊ. ज्या फ्रॅगचा (कोरलच्या छोट्या तुकड्याचा) चांगला फोटो हवा आहे तो काचेपासून एका वितीच्या आत असेल तर उत्तम. पण फोटोसाठी कोरल रोज जागचं हलवू नका. नव्या जागी प्रवाह आणि प्रकाश दोन्ही बदलतात आणि ते मिटून बसतं.

पंप थांबवा, पण जपून

पॉलिप फिसकटतात ते हात हलल्यामुळे कमी आणि प्रवाहामुळे जास्त. झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप, अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) यांच्या बाबतीत वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह तयार करणारा पंप) चालू ठेवून स्पष्ट फोटो मिळणं ही नशिबाची गोष्ट. वेव्हमेकर बंद करा, अर्धा मिनिट पाणी शांत होऊ द्या, मग काढा.

रिटर्न पंप, म्हणजे खालच्या सम्प नावाच्या टाकीतलं पाणी वर चढवणारा पंप, बंद करणं याहून थोडं जोखमीचं. तो थांबला की वरच्या टँकमधलं काही पाणी सम्पमध्ये उतरतं, तेवढी रिकामी जागा सम्पमध्ये हवी. ज्यांच्याकडे गुरुवारी वीज जाते आणि तरी सम्प ओसंडत नाही, त्यांची ही परीक्षा आधीच झालेली आहे. स्किमरही सोबत बंद करा. सम्पची पातळी चढलेली असताना तो चालू राहिला तर त्याचा कप भरून सगळी घाण परत पाण्यात येते. चिलर रिटर्नच्या पाण्यावर असेल तर पंप थांबला की थंडावाही थांबतो, आणि एप्रिल-मेच्या पुण्यात ही बाब छोटी नाही. एका वेळी दहा मिनिटं, फार तर पंधरा. कंट्रोलरमध्ये फीड मोड (खाणं टाकताना पंप थोडा वेळ थांबवायची सोय) असेल तर तोच वापरा, म्हणजे पंप आपोआप चालू होतात आणि विसरण्याची भीती उरत नाही.

वीज बराच वेळ जाऊन आल्यानंतरचा दिवस फोटोंसाठी सोडून द्या. कोरल मिटलेलं असतं, आणि मिटलेल्या कोरलला कोणतंही सेटिंग उघडत नाही. एरवी लाइट लागल्यानंतर दोन-तीन तासांनी ती पूर्ण फुललेली असतात, ती वेळ गाठा.

निळा रंग

मुख्य दुखणं हे आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय दुरुस्त होत नाही.

सूर्यप्रकाश समुद्रात उतरतो तसा त्यातला लाल आधी शोषला जातो, निळा सर्वांत खोल जातो. कोरलच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल या निळ्यावर आपलं अन्न तयार करतं. म्हणून रीफच्या लाइटमध्ये ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे निळे आणि ४२० च्या आसपासचे जांभळे एलईडी जास्त असतात. कोरलला हेच हवं असतं. लाइट बदलायची गरज नाही.

आपले डोळे त्या निळ्याला थोड्या वेळात सरावतात. कॅमेऱ्यात तेच काम व्हाइट बॅलन्स करतो, पण त्याची धाव सहसा १०,००० केल्विनपर्यंत असते आणि रीफचा निळा त्याच्या बराच पलीकडचा. त्यामुळे सेन्सरची निळी वाहिनी (निळा प्रकाश नोंदणारा भाग) काठोकाठ भरून जाते आणि लाल जवळजवळ रिकामी राहते. भरून गेलेल्या वाहिनीत तपशील उरत नाही, ते तुमचे चमकते डाग. रिकामी वाहिनी नंतर अ‍ॅपमध्ये खेचून वाढवली की त्यातून दाणे वर येतात. ‘घरी जाऊन एडिट करू’ असं म्हणून हा फोटो सुधारत नाही तो यामुळे. जे सेन्सरवर नोंदलंच गेलं नाही ते कोणत्याही अ‍ॅपला परत आणता येत नाही.

फुकटचा उपाय लाइटच्या कंट्रोलरवर आहे. तिथली पांढरी वाहिनी (पांढऱ्या एलईडींचा गट) वाढवा, निळी उतरवा, दहा-पंधरा मिनिटं फोटो काढा आणि मूळ वेळापत्रक परत लावा. पांढरी जेवढी वर नेता तेवढी निळी खाली आणाच. एकूण तीव्रता नेहमीपेक्षा वाढली आणि चुकून तशीच राहिली, तर काही दिवसांत कोरल आपल्यातलं शैवाल बाहेर टाकून पांढरी पडू लागतात. मोबाइलवर गजर लावूनच हे काम करा.

पांढऱ्या उजेडात कोरलचा खरा रंग येतो, पण त्याची चमक जाते. ही चमक वेगळ्या जातीची आहे. कोरलच्या अंगात अशी प्रथिनं असतात जी निळा प्रकाश शोषून तो हिरवा, पिवळा किंवा नारिंगी करून बाहेर टाकतात. यातलं पहिलं हिरवं प्रथिन ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमधून वेगळं केलं, आणि त्या कामासाठी २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सियन यांना मिळून मिळालं. पांढरा प्रकाश इतका भरपूर असतो की ही चमक त्यात बुडून जाते. तेव्हा फोटो काढण्याआधी ठरवा, तुम्हाला रंग हवा आहे की चमक. दोन्ही एकाच फोटोत मागू नका. मी दोन वेगळे फोटो काढतो.

रंग हवा असेल तर पांढऱ्या लाइटसोबत व्हाइट बॅलन्स हाताने लावा. त्यासाठी कोरलशेजारी, पाण्यात, एक तटस्थ पांढरी वस्तू लागते. कागद किंवा पांढरं कापड नको. त्यांना शुभ्र दिसण्यासाठी घातलेली रसायनं रीफच्या जांभळ्या दिव्यांत स्वतःच निळी उजळतात आणि कॅमेरा फसतो. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप घ्या, पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर गुंडाळा, आरओ-डीआय पाण्यात धुऊन कोरलजवळ ठेवा आणि तिच्यावर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात ही टेप किरकोळ किमतीत मिळते, आणि एवढ्या पैशात याहून मोठी सुधारणा मी दुसऱ्या कशाने झालेली पाहिली नाही.

फोन असेल तर प्रो मोड उघडा. केल्विन वरच्या टोकाला न्या. एक्स्पोजर एक ते दीड पायरी खाली आणा, म्हणजे निळी वाहिनी भरून जाणार नाही. कोरलवर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही तिथेच अडकतील. दृश्य ओळखून आपोआप रंग भडक करणारी सोय आणि नाइट मोड बंद करा. नाइट मोड एकामागून एक फोटो घेऊन ते एकत्र करतो, आणि हलत्या पॉलिपचं त्यात पीठ होतं.

चमक हवी असेल तर लाइट निळाच ठेवा आणि लेन्सपुढे पिवळा किंवा नारिंगी फिल्टर धरा. तो वरचा निळा सेन्सरच्या आधीच अडवतो आणि कोरलने बाहेर टाकलेला हिरवा-नारिंगी तेवढा आत सोडतो. आता एक्स्पोजर वाढवायला जागा मिळते, कारण भरून जाणारी वाहिनीच आवरली गेली. निळा-पांढरा मिसळलेला लाइट असेल तर पिवळा पुरतो, पूर्ण निळ्याला नारिंगी लागतो. लाल मात्र चालत नाही, तो हिरवी चमकही खाऊन टाकतो.

फिल्टर विकत घेण्याआधी अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानातून पिवळा आणि नारिंगी जिलेटिन पेपर आणा. एक पदर, दोन पदर, पिवळ्यावर नारिंगी, असं लेन्सपुढे ताणून धरून पाहा. जिलेटिन पेपरचा फोटो थोडा मऊ येतो, सुरकुती असेल तर जास्तच. पण तुमच्या लाइटला कोणती छटा लागते हे त्यातून कळतं, आणि मग काचेचा किंवा क्लिपवाला चांगला फिल्टर एकदाच, नेमका घेता येतो.

आडवे पट्टे

एलईडी मंद करण्यासाठी बरेच लाइट अतिशय वेगाने उघडझाप करतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि त्याला कळतं. आधी खोलीतले दिवे बंद आहेत ना ते पाहा, कारण घरच्या ५० हर्ट्‌झच्या विजेवरचे दिवेही सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मग शटर १/१०० किंवा १/५० वर आणा. तरी पट्टे राहिले तर मंद ठेवलेली वाहिनी थोडी वाढवून पाहा, कारण अगदी १०-१५ टक्क्यांवर उघडझाप सर्वांत ठळक असते. कॅमेऱ्यात मूक शटर लावलं असेल तर ते काढून यांत्रिक शटर वापरा.

पाणी खरंच स्वच्छ आहे का

पांढऱ्या बादलीत टँकमधलं पाणी घ्या, शेजारी दुसऱ्या पांढऱ्या बादलीत नवं कालवलेलं खारं पाणी. टँकचं पाणी पिवळट दिसलं तर विरघळलेले सेंद्रिय पदार्थ साठले आहेत. हा पिवळेपणा रोज पाहणाऱ्या माणसाच्या लक्षात येत नाही, कारण तो हळूहळू चढतो. पाणी बदला, जाळीच्या पिशवीत अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घाला, मात्रा पाकिटावर लिहिली असेल तेवढीच. एकदम भरपूर कार्बन टाकून पाणी एका रात्रीत लख्ख केलं तर कोरलला पोहोचणारा प्रकाशही एका रात्रीत वाढतो, आणि ते त्यांना सोसत नाही.

सगळ्याच फोटोंना हिरवट झाक असेल तर काच साधी फ्लोट काच आहे का पाहा. तिच्यातल्या लोहामुळे ती हिरवट असते, जाड काच जास्तच. ती बदलायचं मनात आणू नका. टेफ्लॉन टेपवर घेतलेला व्हाइट बॅलन्स ही झाकही काढतो.

मासे आणि कोळंबी

कोरलला १/१२५ शटर पुरतं, माशाला १/२५० च्या पुढे जावं लागतं. त्यासाठी उजेड हवा, म्हणून मासे पांढऱ्या लाइटमध्येच काढा, आयएसओ ८०० ते १६०० पर्यंत जाऊ द्या. थोडे दाणे चालतील, फिसकटलेला डोळा चालत नाही. माशामागे कॅमेरा फिरवू नका. क्लाउनफिशचं जोडपं अ‍ॅनिमोनभोवती ठरलेल्या वाटेने फिरतं. त्या वाटेवर आधीच फोकस लावा, थांबा, तो आला की सलग फोटो घ्या. क्लीनर श्रिंपला आपली कपार सोडवत नाही, तिच्या मिशांसकट फ्रेम धरायला जागा मोकळी ठेवा. फेदर डस्टर (पिसाऱ्यासारखा दिसणारा समुद्री किडा) सावली पडली की मिटतं, म्हणून त्याच्यापुढे हात हलवू नका. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ काचेवर आदळून परत येतो, तो बंदच ठेवा.

आता पैसे खर्च करायची पाळी

इथवरचं सगळं जमल्यावरही पॉलिपचे बारकावे हवे असतील, तर पहिला खर्च ट्रायपॉडवर करा, दुसरा मॅक्रो लेन्सवर. फोन फोकससाठी चाचपडतो याचं कारण बहुधा तो त्याच्या किमान अंतराच्या आत गेलेला असतो. जरा मागे सरा, नाहीतर क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावा. कॅमेऱ्याला ९० किंवा १०० मिलिमीटरची मॅक्रो असेल तर लांबूनही कोरल भरून येतं. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ ते एफ ११ ठेवा. इतक्या जवळून फोकसची खोली काही मिलिमीटरच असते, आणि छिद्र मोठं ठेवलं तर एका पॉलिपची कडा तेवढी स्पष्ट येते.

झोअँथिड आणि मशरूम वरून पाहिल्यावर सर्वांत देखणी दिसतात, पण पाण्याची पृष्ठभाग हलती असते. तळ पारदर्शक असलेला अ‍ॅक्रिलिकचा डबा पाण्यावर अलगद टेकवा आणि त्यातून फोटो काढा. डबा नवा घ्या, साबणाशिवाय धुवा. बोहरी आळीत किंवा अ‍ॅक्रिलिकचं काम करणाऱ्याकडून हवा त्या मापाचा करून मिळतो. डब्याखाली बुडबुडे अडकतात, तो थोडा तिरका करून घालवा. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असू द्या.

रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) फोटो काढलात तर रंग नंतर थोडा सावरता येतो. एडिट करताना टँकसमोर बसा आणि कोरलकडे पाहून रंग लावा. फ्रॅग विकणाऱ्याने रंग वाढवून फोटो दाखवू नये असं माझं ठाम मत आहे. समोरचा माणूस त्या फोटोवर पैसे मोजतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर हात काढा, टँकच्या कोणत्याही उपकरणाला न शिवता घराचा मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. टँकच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर फोटोंच्या आधी तो बसवून घ्या. फोटोसाठी लाइट उचलून हातात धरणं, तिरका टेकवणं हे कधीच करू नका.

पूर्ण तीव्रतेवरही लाइट लुकलुकत असेल किंवा त्याचा पंखा थांबला असेल, तर ड्रायव्हर (लाइटला वीज पुरवणारा भाग) उघडून पाहू नका. ते दुरुस्ती करणाऱ्याचं काम आहे.

काच पुसताना कोपऱ्यातल्या सिलिकॉनमध्ये बुडबुडे, सुटलेली कड किंवा ओल दिसली, तर फोटो राहू द्या. पाण्याची पातळी कमी करा आणि टँक बांधणाऱ्याला लगेच दाखवा. बाहेरून सिलिकॉन फासून ही गळती थांबत नाही.

झोअँथिड आणि पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असू शकतं. फोटोसाठी ती हलवायची झाली तर हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. ती चिकटलेला खडक उकळू नका, कोरडा खरवडू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, कारण वाफेतून आणि तुषारांतून विष श्वासात जातं. हाताळल्यानंतर तोंडात कडवट धातूसारखी चव, श्वासाला त्रास, स्नायू दुखणं किंवा डोळ्यांची आग सुरू झाली तर वाट पाहू नका. डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, तडक रुग्णालयात जा आणि ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द डॉक्टरांना सांगा.

काच, पाणी, लाइट सगळं ठीक असूनही फोटो धुरकट येत असेल तर लेन्स टॉर्चसमोर धरून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. आपल्या पावसाळ्यात बंद बॅगेत ठेवलेल्या लेन्सला ती हमखास लागते. लेन्स इतरांपासून वेगळी ठेवा आणि न उघडता दुरुस्तीला द्या. कॅमेऱ्यावर खारं पाणी सांडलं तर तो बंद करा, बॅटरी काढा, चार्जिंगला लावू नका आणि त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला न्या. तांदळाच्या डब्यात ठेवून मीठ निघत नाही, आणि ते आत राहिलं की सर्किट गंजायला लागतं.

आणि फोटोत नव्हे, डोळ्यांनाच कोरल फिकट किंवा कित्येक दिवस मिटलेलं दिसत असेल, तर हा फोटोचा बिघाड नाही. तापमान २४ ते २६ अंशांत आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आहे का एवढं घरी तपासा. ते ठीक असेल तर बाटल्यांतली औषधं ओतत बसू नका, अनुभवी रीफ तंत्रज्ञाला बोलवा. त्याला फोन करण्याआधी टेफ्लॉन टेपसकट, पांढऱ्या लाइटमध्ये, त्या कोरलचा एक फोटो पाठवा. कोरल निरोगी असतानाचा तसाच जुना फोटो असेल तर तोही सोबत द्या. टेप दोन्हीकडे सारखी पांढरी दिसत असेल तर रंग किती उतरला आहे हे त्याला घरी न येताही कळतं.